चेंडू उचलण्यापासून गुण पडेपर्यंत: रोबोट स्पर्धेत पहिल्यांदा उतरणाऱ्या संघांसाठी मार्गदर्शक

सोलापुरातील एका शालेय रोबोटिक्स संघाला मी काही हंगाम मार्गदर्शन करत आलो आहे. चेंडूचा खेळ जाहीर झाला की नव्या संघाचे सगळे लक्ष चेंडू फेकणाऱ्या यंत्रणेकडे जाते, आणि चेंडू जमिनीवरून उचलून त्या यंत्रणेपर्यंत सुरळीत नेण्याचे काम शेवटच्या आठवड्यासाठी शिल्लक राहते, हे मी दरवर्षी पाहतो. आमच्या संघानेही पहिल्या हंगामात हेच केले. आमचा शूटर उत्तम होता, पण सामन्याच्या अडीच मिनिटांत त्याच्यापर्यंत मोजून सात चेंडू पोचले. त्या अनुभवातून आमची कामाची जी क्रमवारी ठरली, ती येथे टप्प्याटप्प्याने मांडतो आहे.

उदाहरणासाठी मी प्रामुख्याने फर्स्ट टेक चॅलेंज, म्हणजे एफटीसी, या स्पर्धेचा सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेला ‘डीकोड’ हा खेळ घेतला आहे. खेळ दर हंगामात बदलतो, त्यामुळे आकडे जुने होतील. मात्र हिशेब करण्याची रीत कोणत्याही चेंडूच्या खेळाला लागू पडेल.

१. आधी स्पर्धा निवडा

सातवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी एफटीसी योग्य आहे. एका संघात जास्तीत जास्त पंधरा विद्यार्थी असू शकतात आणि रोबोट सुरुवातीला १८ इंच लांबी, रुंदी व उंचीच्या चौकटीत बसावा लागतो. अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसाठी रोबोकॉन आहे. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची ही स्पर्धा २००२ पासून चालू असून तिचा आपल्या मातीशी जवळचा संबंध आहे. २००८ साली ती पुण्यात झाली तेव्हा विषय गोविंदा, म्हणजे दहीहंडी, हा होता. २०२२ साली भारताने यजमानपद घेतले तेव्हा विषय लगोरी होता. चेंडू मारून लगोरी फोडणारा एक रोबोट आणि ती पुन्हा रचणारा दुसरा, अशी त्या खेळाची रचना होती. २०२५ मध्ये मंगोलियातील उलानबातर येथे रोबोटांना बास्केटबॉल खेळायचा होता. महाविद्यालयांच्या तांत्रिक महोत्सवांत होणारा रोबो सॉकर हाही चेंडूचाच खेळ आहे आणि कमी खर्चात हात बसवण्यासाठी तो चांगला आहे.

यातील एक सापळा आताच सांगतो, कारण त्यात आमचे पैसे गेले. रोबो सॉकरसाठी आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी बारा व्होल्टची जॉन्सन मोटर एफटीसीमध्ये चालत नाही. तेथे मोटर, बॅटरी आणि नियंत्रक हे सर्व नियमपुस्तिकेत परवानगी दिलेल्या यादीतीलच असावे लागतात. लिथियम पॉलिमर किंवा लेड-ॲसिड बॅटरीही मुख्य बॅटरी म्हणून लावता येत नाही. आम्ही चार जॉन्सन मोटरी घेऊन इनटेक, म्हणजे चेंडू जमिनीवरून आत खेचणारी यंत्रणा, बांधला होता, आणि यादी वाचल्यानंतर तो पूर्ण सोडवावा लागला. ॲल्युमिनियम, पॉलिकार्बोनेट, प्लायवूड, थ्रीडी छपाईचे भाग यांवर मात्र तसे बंधन नाही. ते अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत कापून, वळवून घेता येतात. म्हणून बाहेरून मागवायच्या वस्तूंची यादी लहान ठेवा आणि ती खेळ जाहीर झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच पाठवा, कारण परदेशातून येणाऱ्या पार्सलचा दिवस आपल्या हातात नसतो.

२. लागणारी कागदपत्रे आणि साहित्य

कागदपत्रांमध्ये पुढील गोष्टी एका फाइलमध्ये ठेवा:

– संघाची नोंदणी झाल्याची पावती आणि संघ क्रमांक
– प्रत्येक विद्यार्थ्याच्या पालकांचे संमतिपत्र
– शाळेचे पत्र व विद्यार्थ्यांची ओळखपत्रे
– रोबोट तपासणीची यादी, आधीच स्वतः तपासून भरलेली
– अभियांत्रिकी कामाची नोंदपुस्तिका. परीक्षकांना द्यायची पोर्टफोलिओ पुस्तिका मुखपृष्ठ सोडून पंधरा पानांपेक्षा मोठी नसावी
– नियमपुस्तिकेची छापील प्रत आणि त्यानंतर आलेल्या सर्व दुरुस्त्या

शेवटची बाब सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. हंगामाच्या सुरुवातीला उतरवून घेतलेली पुस्तिका डिसेंबरपर्यंत जुनी झालेली असते. आमच्या संघात एक विद्यार्थिनी दर आठवड्याला दुरुस्त्या वाचून बदललेले नियम लाल शाईने छापील प्रतीत लिहिते. हे काम एकाच व्यक्तीकडे असावे.

साहित्यात व्हर्निअर कॅलिपर, ॲलन कीचा संच, नायलॉक नट, केबल टाय, मल्टिमीटर, मास्किंग टेप, स्टॉपवॉच आणि स्लो मोशन चित्रण करणारा मोबाइल एवढे हवेच. खेळाचे चेंडू शक्य तितके खरे आणा. बाजारातील प्लॅस्टिकचे चेंडू दिसायला सारखे असले तरी त्यांचे वजन, कडकपणा आणि भोकांची रचना वेगळी असते, आणि त्यांच्यावर जुळवलेली यंत्रणा खऱ्या चेंडूवर फसते.

जागेचा प्रश्न सोलापुरात सोडवता येतो. मैदान १२ फूट बाय १२ फूट असते. आम्हाला पूर्व भागात माग काढून रिकामी केलेली एक शेड मिळाली आणि तिच्यात दोन बाय दोन फुटांच्या छत्तीस फोमच्या चटया व्यवस्थित बसल्या. मात्र शेजारी टॉवेलचे माग चालू असतील तर सुताची तुसे हवेतून येऊन रोबोटच्या आसांवर गुंडाळली जातात. दोन आठवड्यांत इनटेकचा आस जड फिरू लागला, तेव्हा आम्ही मोटर बिघडली असे समजलो होतो. बेअरिंगच्या कडेला तुसांची घट्ट दोरी झालेली होती. ब्लेडने ती कापून काढताच आस मोकळा झाला. तेव्हापासून दर शनिवारी सर्व आस साफ करण्याचे काम ठरवून दिलेले आहे.

३. गुणांचा तक्ता वाचा, आणि मग त्याचा हिशेब करा

डीकोडमध्ये सुमारे पाच इंच व्यासाचे, भोके असलेले ३६ चेंडू असतात: २४ जांभळे आणि १२ हिरवे. दोन संघांची एक युती असते. पहिली ३० सेकंद रोबोट स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो, त्यानंतर ८ सेकंदांचा विराम असतो आणि मग २ मिनिटे चालक तो चालवतात. एका वेळी रोबोटच्या ताब्यात तीनपेक्षा जास्त चेंडू असू शकत नाहीत आणि ठरवून दिलेल्या त्रिकोणी क्षेत्रातूनच चेंडू फेकता येतो.

गोलमध्ये पडलेला चेंडू खाली उताराच्या पट्टीवर घरंगळत येतो. या पट्टीवर नऊ चेंडू मावतात. पट्टीवर थेट उतरलेल्या चेंडूला ३ गुण आहेत. पट्टी भरलेली असल्यामुळे वरून निघून गेलेल्या चेंडूला केवळ १ गुण आहे. पट्टीच्या टोकाला गेट असते. रोबोटने ते ढकलले की पट्टी रिकामी होते आणि चेंडू पुन्हा खेळात येतात.

येथे नवे संघ चुकतात. त्यांना वाटते की गेट उघडण्यात वेळ वाया जातो. हिशेब असा आहे: पट्टी भरल्यानंतर आणखी नऊ चेंडू टाकले तर गेट न उघडता ९ गुण मिळतात, आणि गेट उघडले असेल तर २७. तीन-चार सेकंदांच्या त्या एका धडकेची किंमत १८ गुण आहे. युतीतील कोणता रोबोट गेट उघडणार आणि कितव्या चेंडूनंतर, हे सामन्यापूर्वी ठरलेच पाहिजे. दोघेही ‘तो उघडेल’ असे समजून खेळले की पट्टी भरलेलीच राहते. प्रतिस्पर्ध्याच्या गेटला मात्र स्पर्श करू नका. त्यासाठी दंड आहे.

दुसरा भाग रंगांच्या क्रमाचा आहे. मैदानाच्या बाहेर ठेवलेल्या ओबेलिस्क नावाच्या खांबावरील एप्रिलटॅग, म्हणजे कॅमेऱ्याने वाचता येणारे छापील चिन्ह, त्या सामन्याचा क्रम सांगतो: हिरवा-जांभळा-जांभळा, जांभळा-हिरवा-जांभळा किंवा जांभळा-जांभळा-हिरवा. हाच क्रम पट्टीवर तीन वेळा लागू होतो. स्वयंचलित भागाच्या शेवटी आणि सामन्याच्या शेवटी, योग्य जागी योग्य रंग असेल तर त्या प्रत्येक चेंडूला २ गुण मिळतात, म्हणजे एका मोजणीत जास्तीत जास्त १८.

आता हे पाहा. तिन्ही क्रमांत तीनपैकी दोन जागा जांभळ्याच आहेत. रंगाचा काहीही विचार न करता पट्टीवर नऊही जांभळे चेंडू टाकले तरी सहा जागा जुळतात आणि १२ गुण मिळतात. सर्व क्रम नेमका साधण्यासाठी लागणारी फिरती चेंडूपेटी, रंगसंवेदक आणि त्यांचा प्रोग्रॅम हे सारे उरलेल्या ६ गुणांसाठी असते. अनुभवी संघांनी ते जरूर करावे. पहिल्या वर्षीच्या संघाने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी शेवटच्या वीस-पंचवीस सेकंदांत हिरवे चेंडू बाजूला ठेवून जांभळे उचलण्याची सवय चालकाला लावावी, आणि शेवटी गेट उघडून जुळलेला क्रम वाया जाणार नाही याची काळजी घ्यावी.

उरलेले गुण सोपे आहेत. स्वयंचलित भागात सुरुवातीची रेषा सोडल्याचे ३ गुण, शेवटी आपल्या तळाच्या चौकटीत अर्धवट परतल्याचे ५ आणि पूर्ण परतल्याचे १०. दोन्ही रोबोट पूर्ण परतले तर आणखी १०. रेषा सोडण्याचा प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. चेंडूची यंत्रणा बंद पडली तरी हे गुण मिळतात.

प्रत्येक खेळाचा तक्ता असा वेगळी गोष्ट सांगतो. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या एफटीसीहून वेगळ्या स्पर्धेच्या २०२२ मधील ‘रॅपिड रिॲक्ट’ खेळात वरच्या गोलला २ आणि खालच्या गोलला १ गुण होता, स्वयंचलित भागात दोन्ही दुप्पट. तेव्हा खालच्या गोलमध्ये दुप्पट वेगाने चेंडू टाकू शकणारा साधा रोबोटही बरोबरी करू शकत होता. व्हेक्स या आणखी एका रोबोट स्पर्धेच्या २०२०-२१ मधील ‘चेंज अप’मध्ये एका चेंडूला १ आणि गोलांची पूर्ण ओळ जिंकल्यास ६ गुण होते, तेथे चेंडूंच्या संख्येपेक्षा जागा महत्त्वाची होती. म्हणून दुसऱ्या खेळातील यशस्वी रोबोट पाहून तोच बांधायला घेऊ नका.

४. फेरीचा वेळ काढा

चेंडू उचलण्यासाठी निघणे, तीन चेंडू घेणे, फेकण्याच्या क्षेत्रात येणे, नेम धरणे आणि फेकणे, ही एक फेरी. समजा, एका फेरीला १५ सेकंद लागतात. तळावर परतण्यासाठी १० सेकंद राखून ठेवले, तर उरलेल्या ११० सेकंदांत ७ पूर्ण फेऱ्या होतात, म्हणजे २१ चेंडू. दहापैकी आठ चेंडू गोलमध्ये जात असतील आणि गेट वेळेवर उघडले जात असेल, तर सुमारे ५० गुण होतात.

आता दोन सुधारणांची तुलना करा. महिनाभर शूटरवर काम करून दहापैकी नऊ चेंडू आत जाऊ लागले, तर सुमारे ५७ गुण होतात. त्याऐवजी शूटर तसाच ठेवून इनटेक सुधारला आणि फेरी १२ सेकंदांवर आली, तर ९ फेऱ्या, २७ चेंडू आणि सुमारे ६५ गुण होतात. हा हिशेब फळ्यावर मांडल्यानंतरच आमच्या मुलांनी शूटरचा हट्ट सोडला. तुम्हीही तो मुलांकडूनच करून घ्या. मार्गदर्शकाने सांगितलेल्या आकड्यापेक्षा स्वतः काढलेल्या आकड्यावर त्यांचा विश्वास जास्त बसतो.

५. इनटेक: चेंडू हातात येणे

इनटेकचे तत्त्व असे आहे की चेंडूला रोलरचा स्पर्श होताच तो आत खेचला गेला पाहिजे. चालकाला रोबोट नेमका चेंडूसमोर आणून उभा करावा लागू नये. त्यासाठी तोंड शक्य तितके रुंद ठेवा, निदान दीड चेंडूइतके, आणि आतील बाजूला कडा तिरप्या घेऊन चेंडू मध्यभागी येऊ द्या.

डीकोडचा चेंडू कडक प्लॅस्टिकचा असल्याने तो दबत नाही. म्हणून दबणारी वस्तू रोलरवर हवी. लवचिक रबरी चाके महाग पडतात. आम्ही सर्जिकल साहित्याच्या दुकानातून लॅटेक्सची नळी मीटरवर आणली, बेचकीच्या रबरासारखी तिची लांब वेटोळी आसावर बांधली, आणि तेच अजून चालू आहे. नळी उन्हात ठेवल्यास चिकट होऊन तुटते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात गाडीच्या डिकीत ठेवलेला रोबोट संध्याकाळी काढला, तेव्हा सहापैकी चार वेटोळी भेगाळलेली होती. ती सावलीत ठेवा आणि कापून तयार ठेवलेल्या जादा नळ्या सोबत बाळगा.

रोलर आणि जमीन यांतील अंतर चेंडूच्या व्यासापेक्षा किती कमी ठेवायचे, हे कागदावर ठरत नाही. पाच-सहा चेंडू व्हर्निअरने दोन दिशांनी मोजा. त्यांच्यात थोडा फरक सापडेलच. रोलर ज्या पट्टीवर बसतो तिला गोल भोक न पाडता उभी खाच पाडा, म्हणजे तो दोन-दोन मिलिमीटरने वरखाली करून पाहता येईल. लेथवाल्याकडून पट्ट्या करून घेताना ही खाच आवर्जून सांगा, नाहीतर तो सवयीने गोल भोक पाडतो आणि पट्टी पुन्हा करावी लागते.

चेंडू अडकू लागला तर अंदाज करू नका; चित्रण करा. आमचा तिसरा चेंडू दर चार-पाच वेळांमागे एकदा तोंडातच गरगरत राहायचा. रोलरचा वेग वाढवला, कमी केला, नळ्या बदलल्या. फरक पडला नाही. शेवटी मोबाइल जमिनीवर आडवा ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण केले. चेंडू आत येत होता, अर्धा फिरत होता, आणि बाजूच्या भिंतीवर कापून ठेवलेल्या एका केबल टायचे चार मिलिमीटरचे टोक चेंडूच्या भोकात शिरून त्याला धरून ठेवत होते. भोक त्या टोकासमोर आले तरच चेंडू अडकायचा, एरवी नाही. म्हणूनच बिघाड कधी दिसायचा, कधी दिसायचा नाही. टोक सपाट कापल्यावर तो पुन्हा झाला नाही. भोके असलेल्या चेंडूच्या वाटेत कोणतेही टोक, नटाची कड किंवा सैल वायर येता कामा नये. आतून हात फिरवून ते रोज तपासा.

६. आतला प्रवास: चेंडू साचू देऊ नका

इनटेकपासून शूटरपर्यंतच्या वाटेवर दोन-तीन रोलर किंवा पट्टे असतात. आमच्याकडे सर्व रोलर एकाच मोटरवर, एकाच वेगाने फिरत होते आणि चेंडू एकमेकांना घासून मधेच थांबत होते. दोन चेंडू एकमेकांना चिकटून फिरले की स्पर्शाच्या जागी त्यांचे पृष्ठभाग विरुद्ध दिशांना जातात, आणि कडक चेंडू त्यामुळे एकमेकांना अडवतात. संघातील एका मुलाचे वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवणारे कारागीर, आहेत. मुलाला न्यायला आले असता त्यांनी दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाले, “सर, पुढचा रोलर मागच्यापेक्षा जरा जास्त पळाला पाहिजे, नाहीतर माल मधेच साचणार.” आम्ही पुढच्या आसावरील पुली लहान केली. चेंडूंत फट पडू लागली आणि साचणे थांबले.

शूटरच्या तोंडाशी सर्व्होवर, म्हणजे ठरवलेल्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरवर, चालणारा एक अडसर ठेवा. तो नसेल तर शेवटचा चेंडू फिरत्या फ्लायव्हीलला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या चाकाला, टेकून क्षेत्राबाहेरच उडतो, आणि क्षेत्राबाहेरून फेकल्याबद्दल दंड होतो. चौथा चेंडू आत येऊ नये यासाठी अंतर मोजणारा साधा संवेदक पुरतो: तीन चेंडू मोजले गेले की इनटेक उलटा फिरवा. समोर ढकलत नेलेला चेंडूही ताब्यातला धरला जाऊ शकतो, हे चालकाला ठाऊक असावे.

७. शूटर: ताकद नव्हे, सारखेपणा

एक फ्लायव्हील आणि त्यासमोर वळणदार हूड, म्हणजे चेंडूला दिशा देणारे आवरण, एवढी रचना नव्या संघाला पुरेशी आहे. किती वेग लागेल याचा हिशेब अकरावीच्या भौतिकशास्त्रातील प्रक्षेप्य गतीने निघतो. गोलची कड जमिनीपासून सुमारे ९८.५ सेंटिमीटर उंच आहे. चेंडू ३५ सेंटिमीटर उंचीवरून ५५ अंशांच्या कोनात निघतो आणि आडवे अंतर अडीच मीटर आहे असे धरा. हवेचा विरोध सोडला तर कडेपर्यंत पोचण्यासाठी सेकंदाला सुमारे ५.६ मीटर वेग लागतो. हूडवर चेंडू लोळत जातो, त्यामुळे त्याचा वेग चाकाच्या कडेच्या वेगाच्या जेमतेम निम्मा असतो. म्हणजे चाकाची कड सेकंदाला ११ मीटरांहून थोडी जास्त वेगाने फिरली पाहिजे. ९६ मिलिमीटर व्यासाच्या चाकासाठी हे मिनिटाला सुमारे २,२५० फेरे होतात. घसरण आणि कड ओलांडण्याची जागा धरून प्रत्यक्षात याहून अधिक लागतील, पण मिनिटाला ६,००० फेऱ्यांची मोटर थेट लावल्यास ताकदीची चिंता उरत नाही, हे यावरून कळते.

खरी चिंता सारखेपणाची आहे. बॅटरी पूर्ण चार्ज असताना १३ व्होल्टच्या वर असते आणि सामन्यात खाली येते. प्रोग्रॅममध्ये ‘७० टक्के ताकद’ असे लिहिले तर सकाळी आत जाणारा चेंडू दुपारी कमी पडतो. त्याऐवजी एन्कोडर, म्हणजे मोटर किती फिरली ते मोजणारा संवेदक, वापरून वेग ठरवून द्या. अशा मोटरींच्या एन्कोडरमध्ये मोटरच्या एका फेऱ्याला २८ ठोके मिळतात; २,२५० फेऱ्यांसाठी सेकंदाला १,०५० ठोके. हा आकडा पडद्यावर दाखवा आणि वेग ठरलेल्या आकड्याच्या जवळ असेल तरच अडसर उघडेल अशी अट घाला. पहिला चेंडू गेल्यावर चाकाचा वेग पडतो. अट नसेल तर दुसरा आणि तिसरा चेंडू गोलच्या अलीकडे पडतात. आसावर थोडे वजन वाढवल्यास वेगातली ही घट कमी होते, मात्र सुरुवातीला चाक पळायला जास्त वेळ लागतो. आम्ही चाक पूर्ण सामनाभर फिरतेच ठेवतो.

नव्या संघाने दोनच जागा निवडाव्यात: एक गोलजवळची आणि एक लांबची. प्रत्येक जागेसाठी एक वेग, एक बटण. कोणत्याही अंतरावरून आपोआप वेग ठरवणारा प्रोग्रॅम पुढच्या वर्षी करा. नेम धरण्यासाठी गोलवरचे एप्रिलटॅग वापरा. निळ्या गोलवर २० क्रमांकाचा आणि लाल गोलवर २४ क्रमांकाचा असतो. ओबेलिस्कवरील २१, २२ आणि २३ हे केवळ रंगांचा क्रम ओळखण्यासाठी आहेत. ओबेलिस्क दरवेळी मिलिमीटरपर्यंत त्याच जागी ठेवलेला असेल असे धरून रोबोटचे स्थान काढू नका.

धुळीकडेही लक्ष द्या. सोलापूरच्या कोरड्या हवेत जमिनीवरची बारीक माती चेंडूला लागते आणि चेंडूवरून चाकावर बसते. मग वेगाचा आकडा बरोबर दिसतो, पण चेंडू कमी पडतो, कारण चाक घसरत असते. सरावाआधी चेंडू आणि चाक ओलसर फडक्याने पुसा आणि सुकू द्या.

८. सराव: मोजून करा

सरावाची वही ठेवा. प्रत्येक सामन्याच्या सरावात चार आकडे लिहा: उचललेले चेंडू, फेकलेले चेंडू, आत गेलेले चेंडू आणि प्रत्येक फेरीचा वेळ. उचललेले आणि फेकलेले यांत फरक असेल तर दोष आतल्या वाटेत आहे. फेकलेले आणि आत गेलेले यांत फरक असेल तर शूटरमध्ये. दोन्ही जुळत असून गुण कमी असतील तर फेरीच लांब आहे. ही विभागणी केली नाही, तर मुले प्रत्येक वेळी शूटरचाच कोन बदलत बसतात.

दोन चालकांपैकी एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने इनटेक-शूटर सांभाळावे. तिसऱ्या विद्यार्थ्याने, म्हणजे ड्राइव्ह कोचने, केवळ घड्याळ आणि पट्टी पाहावी. त्याने मोठ्याने सांगायच्या गोष्टी ठरलेल्या असाव्यात: पट्टीवर किती चेंडू झाले, गेट केव्हा, वीस सेकंद उरली. आमचा कोच आधी ‘उजवीकडे, उजवीकडे’ असे ओरडायचा आणि चालक गोंधळायचा. आता तो केवळ आकडे सांगतो.

सरावात एकदा तरी दुसरा रोबोट मैदानात उतरवा. दुसरा संघ जवळ नसेल तर खोक्याला दोरी बांधून मधे ओढा. रिकाम्या मैदानावर १२ सेकंदांची असलेली फेरी तेवढ्या अडथळ्याने १६ वर जाते, आणि युतीतील साथीदाराशी बोलताना हाच आकडा सांगावा.

९. स्पर्धेच्या दिवशी

स्पर्धा पुण्यात असेल तर तेथे पहाटे पोचून थेट तपासणीला उभे राहण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी पोचा. प्रवासात इनटेकवर दाब पडू नये म्हणून आम्ही रोबोट जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून खोक्यात ठेवतो. बॅटरी वेगळ्या डब्यात, टोके झाकून ठेवा आणि प्रत्येकीवर क्रमांक घाला. कोणती बॅटरी कितव्या सामन्यात वापरली हे वहीत लिहा.

पहिल्या सामन्यापूर्वी सराव मैदानावर नऊ चेंडू फेकून पाहा. तेथील गोल, चटया आणि उजेड तुमच्या शेडपेक्षा वेगळे असतात. बहुतेक चेंडू सारख्याच प्रमाणात कमी किंवा जास्त पडत असतील तर केवळ वेगाचा आकडा २०-२० ठोक्यांनी बदला. हूडला हात लावू नका. चेंडू कधी कमी, कधी जास्त पडत असतील तर वेग बदलून उपयोग नाही. चाक पुसा, हूडचे स्क्रू आवळा आणि बॅटरी तपासा.

साथीदार संघाला भेटताना तीन गोष्टी विचारा: स्वयंचलित भागात तुमचा रोबोट कोणत्या वाटेने जातो, गेट कोण उघडणार, आणि शेवटी तळाच्या चौकटीत आधी कोण शिरणार. ती चौकट लहान आहे. दोन्ही रोबोट पूर्ण बसवायचे असतील तर ते सराव मैदानावर आधी करून पाहावे लागते. जमत नसेल तर एकाने पूर्ण आणि दुसऱ्याने अर्धवट परतण्याचे ठरवा, म्हणजे १० आणि ५ गुण तरी नक्की मिळतील.

सामना संपल्यावर गुणफलक दिसतो तेव्हा एका विद्यार्थ्याने त्याचे छायाचित्र घ्यावे आणि ते आपल्या वहीतील आकड्यांशी ताडून पाहावे. तफावत वाटली तर ठरवून दिलेल्या वेळेत, ठरवून दिलेल्या जागी उभे राहून, विद्यार्थ्यानेच मुख्य पंचांना नियमाचा क्रमांक सांगून नम्रपणे विचारावे. मार्गदर्शक किंवा पालकांनी पुढे जाऊ नये. नंतर पुढच्या सामन्याला किती मिनिटे आहेत ते पाहा, बॅटरी बदला, इनटेकच्या आतून हात फिरवा आणि चाक पुसून घ्या.